सुमनबाईंचा अंगठा

६ जाने.
दुपारी दोनला मॅडमचा नीतिशास्त्राचा तास. आम्हा इंटर्न मंडळींना ही हक्काची झोप. मॅडम पेशंटच्या संमतीबद्दल सांगत होत्या. खिडकीबाहेर उसाला तुरे आलेत, नुसते डुलतायत. मीही डुलले. सोबतची रेश्मा आलीच नव्हती, हजेरीपटावर तिची सही मीच ठोकली. नीतीच्या तासाला! धन्य आहे बाई माझी.

८ जाने.
वॉर्डात सुमनबाई. पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला आल्यात. वय अठ्ठावीस, दोन मुलगे. पाळीत रक्त फार जातं. परवा गर्भपिशवी काढायची. संमतीपत्रांवर अंगठे घ्यायचं काम माझ्याकडे. सात पेशंट, एक शाईचा पॅड. "इथं करा, ताई." हात धरला, टेकवला, पुढची कॉट. वाचून दाखवलं? छे. नवरा म्हणाला, "ती तयार हाय." झालं.

९ जाने.
बी.पी. बघताना सुमनबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पिशवी धुऊन परत कवा बशिवत्यात? मला एक लेक पाहिजे अजून."
"बघू हं," म्हणून चक्क पळाले. भित्री भागूबाई!
रेश्माला सांगितलं. "फॉर्म झालाय ना? मग गप. उद्याच्या ऑपरेशनांची यादी लागलीय, सर खवळतील."
जेवून खोलीत जरा आडवी झाले. स्वप्नात तोच ऊस, पण तुऱ्यांच्या जागी निळे अंगठे. मी हजेरी घेतेय. कुणीच ओ देत नाही. जाग आली तरी किती वेळ मी त्या उसातच होते.

१० जाने.
सकाळीच सरांना गाठलं. "सर, सुमनबाईंची संमती मी न सांगताच घेतली."
"टेबलावर घ्यायच्या वेळी सांगतेस?" भडकलेच. मग यादीतलं नाव खोडत, "जा. नीट समजावून सांग. आज नाही करत."
कॉटशेजारी स्टूल घेऊन बसले. कागदावर पिशवीचं चित्र काढलं. काढली की परत बसत नाही. पाळी नाही, मूल नाही. आधी गोळ्यांनी बघता येईल. नवरा मान खाली घालून ऐकत होता. सुमनबाई त्या चित्रावर अंगठा फिरवत राहिल्या. अंगठ्याला शाई तशीच.
"मंग परवा अंगठा घेताना का न्हाई सांगितलं?"
मला रडूच आलं. चित्राखाली गोळ्यांच्या वेळा लिहू लागले.
"इचार करू द्या मला," म्हणाल्या.

१२ जाने.
कॉट रिकामी. सिस्टर म्हणाल्या, ऊसतोडीची टोळी कोपरगावच्या पुढं हलली, त्याही गेल्या. गोळ्या नेल्या, चित्रही नेलं. जीव टांगणीला लागलाय. रक्त नाही थांबलं तर? त्या उसाच्या फडातून कुठं जातील?

१३ जाने.
मॅडमना रेश्माच्या सहीचं सांगून टाकलं. रेश्मा बोलत नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ज्युनिअरांचा नीतीचा पुढचा तास तू घे."
मी? काय शिकवणार, डोंबल?
दुपारभर खिडकीत बसून होते. तुरे डुलतायत. सुमनबाईंच्या नावाचा नवा फॉर्म एप्रनच्या खिशात ठेवलाय, अंगठ्याची जागा कोरी. आल्या तर आधी वाचून दाखवीन. तास मात्र त्यांच्याच प्रश्नानं सुरू करायचा, अंगठा घेताना का नाही सांगितलं? पोरं विचारतील, मग तुम्ही काय उत्तर दिलंत?