बाबांच्या कुरुपाविषयी

बाबा,

त्या शेवटच्या बऱ्या रविवारी आई कोमट पाण्यात पाय सोडून काळा घेवडा निवडत होती. "दान्सोनच्या नाचाला निमुळते बूटच हवेत, राणीसाहेब. एवढ्याशा कुरुपाला डॉक्टर कशाला?" असं म्हणत तुम्ही दाढीचं ब्लेड काढलंत. ती हसली, "न्हावीबुवा, बोट तेवढं जागेवर ठेवा हं!" तुम्ही कुरूप कापलंत, आणि मधुमेहामुळे ती जखम भरलीच नाही. तीन आठवड्यांत आई गेली.

आता तुमच्याही करंगळीवर कुरूप आलंय. ते मी घासून देणार नाही. रोज दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवा, वजरीने हलकेच घासा, वर व्हॅसलीन लावा. कापू नका. रुंद बूट पलंगाखाली आहेत. तुमचे पांढरे निमुळते मी बंदरात फेकून दिले.

आज संध्याकाळी चौकात गेलात, तर तुमच्याबरोबर नाचायला कुणी उभं राहणार नाही. सकाळी नाचाच्या तालमीला जमलेल्या सगळ्यांसमोर मी मोठ्याने सांगून आले, "आईच्या पायाला बाबांनी ब्लेड लावलं. तिची साखर वाढलेली मला माहीत होती, आणि मी दारात उभी राहून गप्प बसले."

ओतिलिया