जामिनावरची जीभ

२ फेब्रुवारी, गुरुवार

मला बोलायची बंदी! आणि ती सरकारने घातलेली नाही, बंदूकवाल्यांनीही नाही. माझ्या सख्ख्या काकांनी घातली.

सोमवारी आमच्या रेडिओवर दुपारी चारच्या भाषणात मी पूर्वेच्या विहिरीबद्दल बोलले. जिल्हाप्रमुखाने विहिरीच्या पंपाला कुलूप घातलंय आणि त्याच्या मेव्हण्याचे टँकर तिथूनच भरून जातात. एवढंच बोलले. नावं घेऊन बोलले, हे खरं. मंगळवारी त्याची माणसं रेडिओच्या फाटकावर आली. काल बुजुर्ग मंडळी मोठ्या बाभळीखाली बसली, आज पुन्हा बसली. प्रकरणाचा निवाडा होईपर्यंत एब्लाने माइकवर एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरलं. प्रमुखाच्या कुळातल्या एकाने विचारलं, "जामीन कोण राहतो?"

शिरवा काका काठी टेकत उठले. "तिची जीभ माझ्या शब्दावर."

झालं! मी पन्नास पावलांवर उभी होते. एल-गरस गावात माझ्यापेक्षा मोठा आवाज कुणाचा नाही, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

केंद्र चालू आहे. बातम्या सगल वाचते, यंत्रं दिरिये सांभाळतो. मी काचेच्या अलीकडे बसून बघते.

आज हरवलेल्या जनावरांच्या सूचना चालू असताना सुगुल्लेचा फोन. म्हातारा दर वर्षी एक तरी उंटीण हरवतो. यंदाची तपकिरी, मानेवर डावीकडे दोन रेघांचा डाग, गळ्यात लाकडी घंटा.

"एब्लाला वाचू दे," म्हणाला. "या पोरीचा आवाज गोड आहे. गोड आवाजाने उंटीण सापडत नाही."

दिरिये म्हणाला, "का हो आबा, उंटीण रेडिओ ऐकते का?"

"गाढवा, तिला शोधणारे ऐकतात! एब्ला बोलली की माणसं चहाचा पेला खाली ठेवतात."

मी उठून आत गेले. खरंच गेले. दिरियेने माइकवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "ताई. काका."

दोनच शब्द. मी परत येऊन बसले.

५ फेब्रुवारी, रविवार

तुरुंगात लिहिलेली पुस्तकं मी ढीगभर वाचली आहेत. एका पेटीत फक्त तीच आहेत. सगळ्यांत भिंत आहे, पहारेकरी आहे, खिडकीचे गज आहेत. म्हाताऱ्या काकाच्या एका वाक्याचा तुरुंग कुणीच लिहिलेला नाही. याला दार नाही. मग ढकलायचं काय?

७ फेब्रुवारी, मंगळवार

दूधवाली धुदी फाटकाशी. रोज काहीतरी बोलते, आज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली.

"काय गं एब्ला, तोंडात दुधाचा घोट धरून बसलीयस का? गिळ नाहीतर थुंक!"

"धुदी, बाभळीखाली ठरलंय—"

"बाभळीखाली पुरुष बसतात. माझ्या बकऱ्या विहिरीपाशी बसल्यात. उठत नाहीत त्या."

दूध तिने निम्मंच घातलं. निम्मंच होतं तिच्याकडे.

८ फेब्रुवारी, बुधवार

युक्ती सुचली! भाषण नको, कविता. रात्रीत नव्हे, सकाळी दोन तासांत झाली — कुलपावर. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच अक्षराचा ठेका. इतकी धारदार गोष्ट मी कित्येक वर्षांत केली नव्हती. सगलला पाठ करायला दिली. तिचं पाठांतर असं की दोनदा ऐकलं की पक्कं.

जेवताना तिने अंजेरोच्या धिरड्याचा तुकडा तसाच हातात धरला. "ताई, म्हणायला मी तयार आहे. पण आधी कुणाची कविता ते सांगावं लागेल. 'ही एब्लाची' म्हटलं की तुम्ही बोललात. काकांचा शब्द गेला."

"मग नाव घेऊ नकोस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला कुणाचं तरी मूल पळवायला सांगितलं. "दुसऱ्याची कविता नाव न घेता म्हणायची? माझी आजी थडग्यातून उठून येईल, ताई."

बरोबर बोलली. मीच तर तिला हे शिकवलं होतं. कविता वहीत आहे. वहीला ऐकू येत नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

काका आले. सोबत चहाचा थर्मास. वेलची जास्त, साखर त्याहून जास्त. दोन पेले भरले, माझ्यापुढे एक सरकवला. मी हात लावला नाही.

मी बोलत सुटले. माइक नसला की माणूस किती बोलतो! म्हटलं, हा रेडिओ कुठल्या कुळाचा नाही. व्यापाऱ्याची जाहिरात आम्ही घेत नाही, प्रमुखाचं डिझेल घेत नाही. लोक घरचं देतात म्हणून चालतो. इथे कुणी आपलं कूळ सांगत नाही, विचारत नाही. नऊ वर्षं मी हेच ओरडत आले. आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत कुळाच्या दावणीला बांधलंत!

काका ऐकत होते. त्यांना ऐकता येतं, हा त्यांचा मोठा दोष.

"मी उठलो नसतो," ते म्हणाले, "तर त्या दिवशी तुझं हे खोपटं जळालं असतं. आत तू असतीस."

"मग शब्द मोडा!"

"माझ्या शब्दावर अजून दोन तह उभे आहेत, पोरी. उत्तरेचा आणि नदीकाठचा. हा मोडला तर ते कोण मानेल? तिथे माणसं मरतील. शब्द मोडता येत नाही. परत घेता येतो. त्याच झाडाखाली, त्याच लोकांसमोर. पण मग ज्याच्यासाठी दिला, त्याला कुळाच्या सावलीतून बाहेर काढावं लागतं. त्याला कुणी मारलं तरी आम्ही जाब विचारायचा नाही. ते मी करणार नाही."

"काढा की! मागितली कोणी तुमची सावली?"

त्यांनी पेला जवळ ओढला. माझा गार झालेला चहा स्वतः प्यायले. थर्मासचं झाकण लावायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

निवाडा पुढे ढकलला. प्रमुखाकडचा एक बुजुर्ग आजारी आहे म्हणे. काल त्याला मी बाजारात मांस निवडताना पाहिलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज हरवलेल्या जनावरांची एकही सूचना आली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. शोधायला जनावर जिवंत असावं लागतं. सगलने त्या वेळात गाणं लावलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

नैरोबीच्या एका संस्थेचं पत्र. विमानाचं तिकीट, सहा महिने राहायची सोय, "सुरक्षित वातावरणात काम". वाचलं, घडी घातली.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. पत्र वाचत असताना फाटकाबाहेर मोटरसायकल थांबली. मी खिडकीपासून मागे सरले. आणि मनात पहिलं काय आलं? — काका जामीन आहेत, मला हात लावणार नाहीत.

स्वतंत्र रेडिओ! या भागात दोन केंद्रं जळाली, एकाचा माणूस दारात मारला गेला. आमची काच फुटली नाही. मला वाटायचं, आमच्या खरेपणाची जरब आहे. जरब काकांची होती. मी भाषणं करत होते आणि तो म्हातारा नऊ वर्षं माझ्यामागे उभा होता.

मोटरसायकलवर बॅटरी दुरुस्त करणारा होता.

१५ फेब्रुवारी, बुधवार

निवाडा पुन्हा पुढे. आता "पाऊस पडल्यावर" म्हणतात. पाऊस पडल्यावर विहिरीचा निवाडा!

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सुगुल्ले स्वतः आला. तीन दिवस चालत. ओठ फुटलेले, पायांना धूळ. पाणी दिलं तर आधी थोडं हातावर घेऊन चेहऱ्याला लावलं, मग प्यायला.

झोळीतून लाकडी घंटा काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"माझी सूचना काढून टाका. सापडली."

दिरिये नेहमीसारखं काहीतरी बोलायला गेला आणि त्याने सूचनांची वही पुढे ओढली.

"कुठे सापडली, आबा?" मी विचारलं.

"विहिरीपाशीच. कुलपाला तोंड लावून पडली होती. वास येतो ना त्यांना पाण्याचा." मग माझ्याकडे बघून, अजिबात रागाने नाही, म्हणाला, "तू बोललीस म्हणून मी तिला तिकडे नेली होती, तिथूनच ती सुटली. म्हटलं, एब्ला बोललीय, चार दिवसांत उघडेल."

तो गेल्यावर मी माइकपर्यंत गेले. दिरियेने या वेळी हात ठेवला नाही. नजर दुसरीकडे वळवली फक्त. तांबडा दिवा लागायचा तेवढा बाकी होता.

उत्तरेचा तह. नदीकाठचा तह.

नाही जमलं मला. बटण दाबणारं बोट तसंच मागे घेतलं.

घंटा दिरियेबरोबर काकांकडे पाठवून दिली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. काकांनी आयुष्य उंटांमागे काढलंय. घंटेला काय विचारायचं ते त्यांना कळतं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांकडून काही नाही. नमाजालाही आले नव्हते, दिरिये सांगतो.

१८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी काकांनी स्वतः मंडळींना बाभळीखाली बोलावलं आणि शब्द परत घेतला. दिरिये धावत येऊन सांगत होता, त्याला धाप लागली होती. काका म्हणाले, "आजपासून एब्ला आमच्या सावलीत नाही. तिला कुणी मारलं, तर आमचं कूळ जाब विचारणार नाही." मग घंटा सगळ्यांसमोर एकदा वाजवली आणि निघाले.

मागत होते ते मिळालं. 

काका फाटकाबाहेर येऊन बसलेत. उन्हात, स्टुलावर, मांडीवर ट्रान्झिस्टर. आत या म्हटलं तर येत नाहीत.

"कूळ म्हणून नाही आलो," म्हणाले. "श्रोता आहे मी. चार वाजले. लाव तुझा रेडिओ."