गुडघ्याचं मलम

धाकटे,
थोरलीकडून तुला आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

मी इथे मजेत आहे. मुलगा-सून जपतात. नातवाला शिट्टी वाजवायला शिकवली, म्हणून सून लटकी रागावलीय. तुझ्या नवऱ्याचं घोरणं कमी झालं, की तूच बहिरी झालीस?

परवा सुनेने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे कालचं पोरगं. "आजी, काय होतंय?" म्हणाला. मी म्हटलं, "गुडघा दुखतो." गुडघा ठणठणीत आहे गं. डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ लागते, दोन महिने झाले. त्याने दोनदा विचारलं, "आणखी काही?" मी त्याच्या लग्नाची चौकशी करत बसले. सगळे हसले आणि मी मलम घेऊन घरी आले.

जगाची टिंगल करणारी मी, पण एवढं सांगायला जीभ उचलत नाही. सुनेचीही भीड वाटते. तुझे भाऊजी असते, तर त्यांच्यापासूनही लपवलं असतं. फोनवर तुझ्याशीही शब्द फुटेना, म्हणून लिहितेय.

पत्र मिळताच सुनेला फोन करून तूच सांग. ती विचारायला आली, की मी गुडघ्याचं नाव काढणार नाही.

तुझीच,
तोंडाळ ताई