शेवटची अकरा मिनिटं

वारजे, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. सरूताईस,
अनंतचा शि. सा. न. वि. वि.

‘गलबत’च्या तमाम प्रेक्षकांनो, चोवीस वर्षं आपण ज्याच्यावर जीव टाकला त्याने आपल्या सगळ्यांचा विश्वासघात केला आहे! हे वाक्य सकाळपासून माझ्या तोंडात आहे आणि ऐकायला घरात सुशीलेखेरीज कुणी नाही. ती म्हणाली, सभा भरवायची असेल तर भरवा, पण आधी मंडईतून पालक आणून द्या. म्हणून पालक आणला आणि आता तुला लिहितो आहे.

चोवीस वर्षं, ताई, आणि नऊ चित्रपट. पहिला आला तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होतो आणि तुझे कान शाबूत होते. तिसऱ्याच्या वर्षी तुझं ऐकणं गेलं आणि चौथ्यापासून आपण वही सुरू केली. मी अंधारात पेन्सिलीने संवाद लिहायचो, तू पडद्याच्या उजेडात वाचायचीस. माझं अंधारातलं अक्षर उजेडातल्यापेक्षा बरं येतं, असं तूच म्हणतेस. आपल्या नायकाचं, येसू नाखव्याचं, एकेक वाक्य असं माझ्या हातून गेलं आहे. भिकूला मागे टाकून मी कुठलाच किनारा बघणार नाही, ही त्याची पहिल्या भागातली शपथ माझ्या किती विद्यार्थ्यांनी वक्तृत्व स्पर्धेत म्हटली आणि ढाली आणल्या!

आणि काल शेवटच्या भागात काय पाहिलं आपण? एका पायाचा तो म्हातारा, तोफेवरचा गोलंदाज भिकू उघड्या खडकावर बसलेला आणि आपला नाखवा शीड उभारून चालता झाला. पडदा काळा. माझ्याच्याने बसवेना. तुला खूण केली की स्कूटर काढतो, आणि उठलो. मी एकटा नव्हतो हे लक्षात घे. अर्धी बाल्कनी उठली होती. त्या टॉकीजच्या पार्किंगला एकच फाटक, ते तुंबलं की पाऊण तास जागेवर, हे खडकीत कुणाला माहीत नाही? फाटकाबाहेरच्या बोळात जो तो शिव्या देत होता. येताना गाडीवर मी जे बोललो ते तुला ऐकू आलं नाही, हे एका परीने बरंच झालं.

येत्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात निषेध सभा आहे. मुख्य वक्ता कोण, हे सांगायला नको.

लोभ आहेच, तो या आठवड्यातही तसाच ठेव.
तुझा
अनंत

~

खडकी, पुणे
१२ फेब्रुवारी

चि. अनंतास,
सरूचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मोबाइलवर तू चार शब्द पाठवतोस आणि त्यातले दोन चुकीचे असतात, म्हणून हेच बरं. गुडघा बरा आहे. खालच्या मजल्यावरच्या यमुनाबाई दोन दिवस लेकीकडे गेल्यामुळे जिन्यात शांतता आहे, म्हणजे असावी.

आता तुझ्या विश्वासघाताबद्दल. मला चित्रपट आवडला. खुर्चीला धरून बस आणि पुढे वाच. तू उठलास त्यानंतरही तो होता. काय होता ते मी लिहिणार नाही. सुरुवातीला पाटी दाखवली होती की शेवट कुणाला सांगू नका, आणि तुझ्या नातीने, तनयाने, तर माझ्याकडून शपथच घेतली आहे. या मुलांना देवाच्या शपथेचं काही वाटत नाही, पण सिनेमाचा शेवट फोडणारा माणूस त्यांच्या लेखी महापापी.

माझं एक ऐक. परवा शुक्रवारी तीनच्या खेळाला ये. मीही येते. तिकिटं मी काढते. पाहून झाल्यावर रविवारी हवं तेवढं गर्ज. पोरांना जन्मभर सांगत आलास की पुस्तक मिटण्याआधी मत देऊ नका. तू स्वतः शेवटचं प्रकरण न वाचता मत देतोस, हे त्यांना कळू देऊ नकोस.

पालकाची भाजी झाली की नाही ते कळव. सुशीलेला आशीर्वाद.
माझी माया आहे, पण तिचा अंत पाहू नकोस.
सरू

~

वारजे, पुणे
१७ फेब्रुवारी

ती. सरूताईस,
अनंतचा शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी आलो नाही, रागावू नकोस. भाषणाची टिपणं काढत होतो. आणि नंतर काय असणार, ताई? नाखवा गेला, पडदा काळा झाला, पुढे नावांची यादी आणि मागे एखादं रडकं गाणं. शिंप्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांची नावं वाचत बसायला मी काही सेन्सॉर बोर्डात नाही.

सभा अशी झाली की गेल्या दहा वर्षांत झाली नसेल. तीनशे लोक, त्यातले निम्मे तिशीच्या आतले! मी त्यांना म्हटलं, कथा सांगणाऱ्याने दिलेला शब्द हा कर्जापेक्षा मोठा असतो. म्हटलं, ज्या पिढीला सोबत्याला खडकावर टाकून जाणारा नायक चालतो, ती पिढी उद्या आईबापांना कुठे टाकील? दोन म्हातारे रडले. मग टेबलावर हात मारून सांगितलं की त्या टॉकीजच्या दारातून एकही माणूस आत जाता कामा नये, दार अडवा! सभागृह उभं राहिलं. कुणीतरी चित्रण करून नेटवर टाकलं, आज सकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिलं. सुशीला म्हणाली, चाळीस हजारांना तुम्ही टेबलावर हात मारताना दिसलात, आता घरातलं टेबल तरी सोडा.

चित्रपट आवडला म्हणणारेही भेटतात, नाही असं नाही. कारण विचारलं की मुकाट्याने हसतात. ज्याला बाजू मांडता येत नाही त्याला बाजू नसते, हे माझं मत तुला ठाऊक आहे.

तनया मात्र विचित्र वागली. तिने भाषण पाहिलं, कौतुक नाही, टीका नाही. एवढंच विचारलं की आजोबा, तुम्ही दिवे लागेपर्यंत बसला होतात ना? मी म्हटलं, तुझा काय संबंध. ती निघून गेली. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. आज नदीच्या पुलापर्यंत दोनदा जाऊन आलो. कशासाठी, ते कळलं नाही.

तुझं मत बदलेल या आशेवर, आणि नाही बदललं तरी,
तुझा
अनंत

~

खडकी, पुणे
२० फेब्रुवारी

चि. अनंतास,
आशीर्वाद.

काल रतनला पाहून आले. कोण रतन म्हणून विचारू नकोस. आपल्या टॉकीजचा डोअरकीपर. पहिल्या भागाला त्याचे केस काळे होते. तुझी शाळा उशिरा सुटायची म्हणून आपल्या दोघांसाठी तो कोपऱ्यातल्या खुर्च्या धरून ठेवायचा, आणि वही सुरू झाल्यावर आपल्या मागच्या रांगेतल्या लोकांना समजावायचा की तो माणूस लिहितोय ते बहिणीसाठी, पेन्सिलीच्या आवाजाबद्दल कुरकुर करू नका.

सोमवारी संध्याकाळच्या खेळाला आठ-दहा तरुण आले आणि दार अडवून उभे राहिले. तुझंच वाक्य ओरडत होते, असं तो सांगत होता. म्हणजे त्याने ते मला लिहून दाखवलं, डाव्या हाताने, कारण उजवं मनगट जाळीच्या दरवाजात सापडून मोडलं आहे. सहा आठवडे प्लास्टर. मालकाने दोन दिवस खेळ बंद ठेवले होते.

आता तुला जे सांगायचं टाळत होते ते सांगते. काय घडतं ते नाही. कसं घडतं तेवढंच.

तू गेल्यावर पडदा पुन्हा उजळला. पुढची अकरा मिनिटं कुणाचेही ओठ हलले नाहीत. मी वही उघडून बसले होते, तू परत येऊन लिहिशील म्हणून. लिहायला काही नव्हतं. शेजारचा माणूस वेफर्सच्या पिशवीत हात घालून तसाच थांबला होता. पुढची मुलगी पदराचं टोक तोंडात धरून बसली होती. नंतर तनयाने मला लिहून सांगितलं की त्या अकरा मिनिटांत संवाद नाही, संगीत नाही, लाटेचाही आवाज नाही. काहीच नाही.

म्हणजे, अनंता, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या सभागृहात सगळ्यांना जेवढं ऐकू येत होतं तेवढंच मलाही येत होतं. मी कुणाच्या मागे नव्हते. वही मांडीवर कोरी होती. मी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं.

तिथे तुझं हेल्मेटसुद्धा नव्हतं.

सरू

~

वारजे, पुणे
२२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पत्र वाचलं. रतनचं ऐकून वाईट वाटलं. पण दार अडवा हा अलंकार होता. वक्ता शब्द उचलतो, हात उचलत नाही. कुणी शब्दशः घेतलं तर त्याला मी काय करू? चार माणसांच्या अडाणीपणामुळे तीनशे माणसांची भावना खोटी ठरत नाही.

बाकीच्याबद्दल आत्ता लिहवत नाही. तीन कागद फाडले.

अनंत

~

(पोस्टकार्ड)
खडकी, २४ फेब्रुवारी

चि. अनंतास आ.
अलंकार मोडला नाही. मनगट मोडलं. पत्ता देते: टॉकीजच्या मागची चाळ, दुसरा जिना.
सरू

~

वारजे, पुणे
२८ फेब्रुवारी

ती. सरूताईस,
अनंतचा शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी गेलो होतो. दुसऱ्या जिन्यावर पाच मिनिटं उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, चांगलं ठरवलं होतं. रतनने दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की सर, त्या दिवशी स्कूटर नीट निघाली ना? ठरवलेलं सगळं तिथेच राहिलं.

ताई, त्याने मला दारात थांबवलं होतं. मला आठवत नव्हतं, त्याने आठवण करून दिली. म्हणाला होता की सर, अजून आहे. मी हात झटकला आणि जिना उतरलो. त्या दिवशी त्याने बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं आणि एकही थांबला नाही. फाटक तुंबायच्या आत बाहेर पडायची घाई. मग त्या बोळात आम्ही सगळ्यांनी मिळून न पाहिलेल्या शेवटाला शिव्या दिल्या, आणि मी ती शिवी शुद्ध मराठीत करून व्यासपीठावर नेली. तीनशे जणांतले किती जण दिवे लागेपर्यंत बसले होते, हे मी एकदाही विचारलं नाही. हसणाऱ्यांना मात्र मुके समजलो.

बुधवारी तनयाला समोर बसवून चित्रण करून घेतलं आणि नेटवर टाकलं. तीन वाक्यं. मी शेवट न पाहता बोललो. माझ्या शब्दांवरून एका माणसाचं मनगट मोडलं. दार मोकळं करा. टेबलाला हात लावला नाही. खाली शेरे आले आहेत की म्हातारा विकला गेला, म्हाताऱ्याला पाकीट पोचलं. पाहायला चाळीस हजार आले नाहीत, सहाशेच आले. तनया म्हणाली, सहाशे पुष्कळ झाले. त्या सहाशेंत दार अडवणाऱ्या त्या आठ-दहांपैकी दोघे होते. काल ते रतनच्या जिन्यावर सफरचंदं घेऊन उभे होते.

आणि काल दुपारपासून मी टॉकीजच्या दारावर उभा राहतो. रतनचं प्लास्टर निघेपर्यंत. मालक म्हणाले, मास्तर, तुम्हीच दार अडवायला सांगितलंत, आता तुम्हीच उघडा. तिकीट फाडायला जमतं. तीन तास उभं राहायला जमत नाही, पण राहतो. नाखवा शीड उभारतो, पडदा काळा होतो, आणि माणसं किल्ल्या वाजवत उठतात. मी मध्ये उभा राहून सांगतो की अजून आहे. काल एकाने मला ओळखलं. म्हणाला, अहो, तुम्हीच ना ते निषेधवाले? आपण काय ते एकदा नक्की ठरवा. मी म्हटलं, ठरवलं आहे, बसा. तो बसला. बावीस जण निघूनच गेले. मी मोजतो.

पडद्याकडे मी अजून पाहिलेलं नाही. ती अकरा मिनिटं मी पडद्याकडे पाठ करून उभा राहतो आणि लोकांचे चेहरे पाहतो. त्यांच्यावर निळा उजेड पडतो, मग पांढरा, मग बराच वेळ काहीच नाही. काल एक बाई हसत होती आणि तिच्या शेजारचा नवरा रडत होता, दोघेही एकाच गोष्टीला. एक मुलगा उभा राहिला आणि उभाच राहिला, मागच्यांनी त्याला खाली बस म्हटलं नाही. आणि ताई, एवढी माणसं असून किती शांतता! मला ती सहन होत नाही. दुसऱ्या मिनिटाला जीभ वळवळते, तिसऱ्याला पाय. तुझी एकोणीस वर्षं अशी गेली असतील, हे मला त्या दारात उभं राहून कळायला लागलं आहे. वही लिहिताना मला वाटायचं की मी तुला सगळं पोचवतो आहे. आज वाटतं, मला गप्प बसवत नव्हतं म्हणूनही मी लिहीत होतो.

शेवट पाहून मला तो पटला नाही तर मी पुन्हा बोलेन, हे आधीच सांगून ठेवतो. नाखव्याने शपथ मोडली असेल तर त्याला सोडणार नाही. पण या वेळी पाहून बोलेन.

म्हणून एकच मागतो. परवा रविवारी, दोन तारखेला, तीनच्या खेळाला ये. कोपऱ्यातल्या त्याच दोन खुर्च्या आहेत. त्या खेळापुरता रतन डाव्या हाताने दार सांभाळणार आहे. स्कूटर मी घरी ठेवली आहे, बसने येईन. वही आणू नकोस. आणि पडदा काळा झाल्यावर मी उठायला लागलो, तर माझा हात धर आणि मला खाली बसव.

तुझा
अनंत