तुमच्या नावावर वाटीभर पेज

बाई, तुम्हाला मरून पावणेसहाशे वर्षं होत आली आणि तुमचं-माझं काही नातं नाही. तुम्ही इटलीतल्या एका रंगाऱ्याच्या घरच्या, पुढं संत झालेल्या; मी मूल गावाजवळच्या तलावात मासे धरणाऱ्याच्या घरची. तुमचं चरित्र आमच्या मिशनच्या दवाखान्यात, रुग्णांच्या बाकाजवळच्या फळीवर असतं. पातळ मराठी पुस्तक, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी तिथं रक्त आणि थुंकी तपासते. नागपूरला दोन वर्षं तेच शिकले. पुस्तक मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तुमचा राग आला, दुसऱ्या वेळी जास्त.

पहिल्यांदा ते मी धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं. तिला अक्षरओळख नव्हती. त्या साली आमची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती आणि तिच्या नवऱ्याला धाकटी द्यायचं घरात ठरत होतं. आमच्याकडे तसं करतात, तान्हं लेकरू परक्या हाती जाऊ नये म्हणून. क्रमानं खरं तर मी येत होते. पण भाऊजी म्हणाले, "शिकलेली नोको बाप्पा. भात मांगतला त पह्यले ताप मोजन." सगळे हसले. मीही हसले, कारण सुटले होते. धाकटी हसली नाही. तिला मी माझ्या खोलीवर घेऊन आले, जखमांच्या पट्ट्या धुण्याचं काम मिळवून दिलं आणि संध्याकाळी करमणूक म्हणून तुमचं पुस्तक उघडलं.

तुमचीही थोरली बहीण बाळंतपणात गेली. तुम्हालाही तिच्याच नवऱ्याला द्यायचं घाटत होतं. तुम्ही केस कापलेत, जेवण सोडलंत. धाकटीनं माझं मनगट धरलं. "थांब ताई. तेवढं अजून एकदा वाच." मी वाचलं. पुस्तकात तुमच्या आईला संसारात गुरफटलेली, तोंडाळ बाई म्हटलंय. तिनं वीसच्या वर बाळंतपणं काढली, कितीतरी पोरं मातीत घातली आणि उरलेल्या एका मुलीनं दोन घास खावेत म्हणून आरडाओरडा केला. त्या पुस्तकात मला पटलेलं माणूस ते एकच. तुम्ही मात्र एका आजारी बाईच्या छातीची जखम धुतलेलं पाणी प्यायलात आणि तसं गोड कधी काही प्यायला नव्हतात म्हणे. तसल्या जखमेतला पू मी रोज काचेवर घेऊन बघते. त्यात काय असतं ते मी तुम्हाला दाखवू शकते. देव अजून दिसलेला नाही.

धाकटी ताटावर बसायची, भात चिवडायची आणि माझी पाठ वळली की वॉर्डातल्या कुणाला तरी देऊन यायची. विचारलं की म्हणायची, "जेवून राह्यली ना मी. काट्यावर पाह्य ना." म्हणून दर शनिवारी मी तिला दवाखान्याच्या काट्यावर उभी करायचे. शहाऐंशी पौंड. पुढच्या शनिवारी शहाऐंशी. त्यापुढच्याही. रक्त मात्र दर वेळी फिकं यायचं. दोन आकडे जुळत नव्हते, आणि मी संशय घेतला तो रक्तावर. नळ्या पुन्हा उकळल्या, द्रावण नवं केलं, तिच्या बोटाला पुन्हा सुई टोचली. तिच्या कमरेकडे पाहिलं नाही.

एका शनिवारी दुपारी ती पट्ट्यांच्या बादलीजवळ कोसळली. लुगड्याचा ओचा सुटला आणि फरशीवर शिशाच्या गोळ्या घरंगळल्या. जाळं तळाला बसावं म्हणून त्याच्या काठाला ओवतात, त्या. लहानपणी आम्ही तिघी बहिणी उंबऱ्यात बसून त्या ओवायचो. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. दर आठवड्याला दोन-चार जास्त बांधून तिनं काटा सांभाळला होता. कोळ्याच्या घरची दुसरी मुलगी तो काटा वाचत होती आणि तिला कळलं नव्हतं. उचलली तेव्हा ती एकोणसत्तर पौंड भरली.

वडील आले. एकेक गोळी वेचून त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधली. "माह्या जाळ्याच्या हायेत," एवढंच आधी म्हणाले. मग तिच्या पायाशी बसले. "नाई देत तुले, पोरी. कोनालेच नाई देत. आता जेव."

म्हणजे ती जिंकली. तुम्हीही जिंकला होतात. पण लग्न मोडल्यावरही तुमचा घास घशाखाली उतरला नाही, आणि हिचाही उतरेना. चमच्यानं पेज भरवली की बाहेर यायची. "मी नाई करून राह्यली, ताई. जातच नाई खाली." तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ते बाई शेवटी जेवली का नाई?"

त्या दिवशी मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, तिच्या खाटेशेजारी, मनातल्या मनात. शेवटी शेवटी तुम्ही जेवायचा प्रयत्न करत होतात. चारचौघांसारखं खाता यावं म्हणून देवाजवळ मागत होतात. जमलं नाही, आणि तेहतिसाव्या वर्षी संपलात. न पाहिलेला आकडा मी कधी वहीत लिहिलेला नाही. पण मी पानावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "मग एका सकाळी ती जेवली."

"काय जेवली?"

"पेज."

"तिकडं धान पिकते?"

"पिकते म्हनून त लिवलं हाये."

"मीठ होतं का त्याच्यात?"

"होतं."

तिनं उशीवरून मान उचलली. मग म्हणाली, "मंग मले बी टाक." अर्धी वाटी राहिली पोटात. संध्याकाळी आणखी अर्धी.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमचं डोकं भक्तांनी एका गावात जपून ठेवलंय आणि धड दुसऱ्या गावात. पत्ता तरी कुठला घालू? माफीही मागत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. धाकटी आता शंभर पौंडांच्या आसपास आहे, मी स्वतः ओचा तपासून वजन घेते, आणि ती सिस्टरांकडे अक्षरं गिरवायला जाते. जोडाक्षरांपर्यंत आली आहे. परवा तिनं वाचायला तेच पुस्तक मागितलं. काल मी त्या पानाच्या तळाच्या कोऱ्या जागेत ते जेवल्याचं वाक्य पेनानं लिहिलं. अक्षर छापल्यासारखं काढायचा खूप प्रयत्न केला. जमलेलं नाही.