दोन लोडर आणि यांचा पाय

२८ ऑगस्ट १९९७

मोडला! अखेर मोडलाच! यांचा पाय नव्हे – तो गेल्या आठवड्यात मोडला. आज लोडर. आमचा एकुलता एक म्हातारा लोडर क्रशरवर खडी भरता भरता खालीच बसला. गोरक्षनाथ ऑपरेटरचा फोन – "वैनी, गेला बगा. गिअरबॉक्स फुटला. आता भंगारवाल्यालाच बोलवा." टिपर? "नऊच्या नऊ हुबे हायेत!"

हे पलंगावर. उजवा पाय प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा. पाथर्डी रोडला पावसात मोटारसायकल घसरली, तेव्हापासून हे असंच. मामांनी – सासऱ्यांनी – घर डोक्यावर घेतलं. "दिवाळीच्या आत रस्त्यावर खडी पडली न्हाई तर काम दुसऱ्याला जातंय. लोडर घ्यावाच लागल. पन बगनार कोन? म्हेंदर आसा आडवा!"

मी चहा देत होते. तोंडातून निघून गेलं, "मी बघते."

आत्या – सासूबाई – म्हणाल्या, "बगू द्या की. टिपरचा हिसाब कोन लिवतंय इतकी वरसं? तीच ना?"

मामा म्हणाले, "बरं. म्हेंदरचा पाय बरा हुईपतोर बग."

हे छताकडे बघत होते. रागावले असतील का?

३० ऑगस्ट

लुनावर नागापूरला गेले, आमच्या यार्डात. ऑफिसच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये! येताना सिग्नलला उगाच पर्स हलवून आवाज ऐकला. वेडी आहे मी.

३ सप्टेंबर

पुण्याहून एजंट आला. शौनक नाव. टाय बांधलेला, गॉगल डोक्यावर. यार्डातल्या धुळीत बिचाऱ्याच्या बुटांचे हाल! मला म्हणाला, "मॅडम, सर कधी येतील?" म्हटलं, सर आडवे आहेत, जे सांगायचं ते मला सांगा. त्याने पुस्तकं पसरली – काय एकेक मशीन! पिवळीधमक. लहान, मधलं आणि मोठं.

मामांची नजर मोठ्यावरून हलेना. "ह्याचं बकेट केवढं?" शौनक म्हणाला, "तीनचं, काका." मामा उडालेच. "तीन! आन् आपला टिपर दोनचा! म्हंजे एकाच बकेटात भरून वर सांडल! रस्त्यावरनं निगालं तर लोकांनी बाजूला सरून बगितलं पायजे – ह्या सहादूचा हत्ती चाल्ला!"

मलाही खरं वाटलं. एका दमात टिपर! माझ्या टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी होत्या. येत्या मंगळवारी क्रशरवर प्रत्यक्ष चालवून दाखवणार.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं, हातवारे करून. हे गल्लीतल्या दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवत होते. पलंगाभोवती आठ-दहा डोकी! यांना बी.एस्सी. झाल्यावर मास्तरच व्हायचं होतं. मामांनी हातात टिपरची किल्ली दिली. हे मला म्हणाले, "छान. खूश दिसतेस." आणि परत फळ्याकडे वळले. माझी पोळपाट ठेवायची फळी, तिचा फळा केलाय!

९ सप्टेंबर

काय तमाशा झाला आज! हसू की रडू!

मोठं मशीन ट्रेलरवरून उतरलं तेव्हा खाणीवरची माणसं कामं सोडून धावली. टायर माझ्या उंचीएवढं. गोरक्षनाथ तर नवरदेवासारखा चढून बसला. बकेट खडीत घुसलं, वर आलं, टिपरवर गेलं – आणि धाडकन सगळी खडी एकदम खाली! टिपर केवढ्याने बसला! खालच्या कमानीचा पाटा कडाडून मोडला, ड्रायव्हर दार उघडून बाहेर पळाला. आम्ही वर चढून बघतो तर टिपर अर्ध्याच्या जरा वर भरलेला.

मामा पिसाळले. "आर्धा! तीन ब्रास म्हन्लावतास ना रं? चोर! फसीवलं आमाला!" शौनक घामाघूम. "काका, तीनच आहे! मोजून घ्या!" "काय मोजू? डोळे हायेत मला!" त्याच्या टायला हात घालतात की काय, असं झालं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घनमीटर! तो पुण्याचा पोरगा घनमीटर बोलतोय आणि आम्ही जन्मभर ब्रास – शंभर घनफूट – बोलतो! त्याचे तीन म्हणजे आपला एक ब्रास, वर मूठभर. मी दोघांच्या मधे उभी राहिले. "मामा, हा खोटं बोलत नाही. ह्याचं माप वेगळं, आपलं माप वेगळं." शौनकला म्हटलं, "ब्रास म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला?" तो म्हणाला, "ऐकलंय, मॅडम." ऐकलंय! नगर जिल्ह्यात खडीचं मशीन विकायला आलाय आणि ब्रास ऐकलंय!

मामांचा पारा उतरला. पण मोडलेल्या पाट्याकडे बघून म्हणाले, "हत्ती लई दांडगा हाय गं." तरी नजर त्याच्यावरच!

१० सप्टेंबर

पुस्तकातली सगळी मापं ब्रासमध्ये करून काढली. आता कुठे मशिनं ओळखीची वाटायला लागली.

१३ सप्टेंबर

लहान मशीन पाहिलं. स्वस्त, गोंडस, डिझेल चिमणीएवढं. पण बकेट वर नेलं तर टिपरच्या फळीला थटलं. खाली मुरमाचा चढ करून त्यावर लोडर उभा करायचा म्हणे! रोज कोण करणार? गोरक्षनाथ म्हणाला, "वैनी, लेकरू हाय हे. मोठं हुंद्या, मंग आनू." लेकरू बाद!

१८ सप्टेंबर

माहेरी जाऊन आले, देवळाली प्रवराला. आईला वाटलं भेटायला आले. मी मेली तिथल्या खडीक्रशरवर! मधलं मशीन दोन वर्षं तिथे चालतंय. दीडचं बकेट – म्हणजे साधारण अर्धा ब्रास. चार बकेटांत टिपर भरला, आणि भरताना टिपर कण्हला नाही. फिल्टर, होज सगळं नगरमध्येच मिळतं. टायर मात्र दगडावर कापतं, चाकाला साखळीची जाळी घाला म्हणाले. त्यांच्या ऑपरेटरला इतकं विचारलं की तो म्हणाला, "ताई, तुमी मशीन घेताय का पोरगी देताय?"

परत येताना साखर कारखान्यावरून आले. गाळप अजून सुरू नाही, ऊस टाकायची गव्हाण मोकळी. लहानपणी ऊस कमी आला की सगळे म्हणायचे, "आज कारखाना नो-केन झाला." एवढा मोठा कारखाना, वाफ धरून नुसता उभा. बॉयलर मात्र जळतोच.

अगं बाई! हेच तर! मोठा लोडर झटक्यात टिपर भरणार आणि पुढचा टिपर येईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभा राहणार. टिपर नऊच आहेत आमचे! एसटीत मोठ्याने हसले. शेजारची बाई सरकून बसली.

१९ सप्टेंबर

मामांना सांगितलं, "मामा, तुमचा हत्ती नो-केन होणार." त्यांनी ऊसतोडीला कोयता धरलेला, एका शब्दात समजलं! तरी रेटून बघितलंच – "पन मोटं मशीन म्हंजे मोटं मशीन. लोकं काय म्हनत्याल?"

म्हटलं, मोठ्याच्या किमतीत थोडी भर घातली की मधली दोन येतात. एक क्रशरवर, एक मुरमाच्या खाणीवर. एक बिघडलं तरी दुसरं चालतं, नऊ टिपर उभे राहत नाहीत. मामा मिशा ओढत बसले. तेवढ्यात आत्या भाकरी थापता थापता आतून म्हणाल्या, "हत्ती दारात बांदून लोकान्ला दावायचाय, का खडी भरायची? दोन बैल घ्या गुमान."

संपलं! ठरलं! दोन!!

यांना सांगायला धावत गेले. म्हणाले, "मी असतो तर मोठंच घेऊन मोकळा झालो असतो, अण्णांना नको कोण म्हणणार!" (मामांना हे अण्णा म्हणतात.) मग मुलांना म्हणाले, "हं, वर्गसमीकरण."

२६ सप्टेंबर

परवा-तेरवा प्लास्टर निघणार. आज भाजी चिरताना मनात आलं – अजून महिनाभर राहिलं तर? मग स्वतःचीच लाज वाटली. बायको आहे का वैरीण! पण किल्ल्या परत द्यायच्या म्हटलं की हात आपोआप पर्सकडे जातो. परत दुपारी चहा आणि टिपरच्या खेपा लिहिणं. खोटं कशाला लिहू? मला हे काम सोडायचं नाही.

२९ सप्टेंबर

प्लास्टर निघालं. मी शौनकशी टायरवरून भांडत होते, म्हणून हे एकटेच रिक्षाने गेले. काठी टेकत आले. "डॉक्टर म्हणाले, काठी सोडायची नाही. साइटवर अजिबात जायचं नाही."

"अरेरे," म्हणाले मी. स्वयंपाकघरात गेले आणि शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. आख्खा.

७ ऑक्टोबर

हत्ती गेला नि शेपूट राहिलं! टायरच्या जाळ्या कोणी द्यायच्या, यावर अडलंय. मी म्हटलं, जाळ्या नाहीत तर सही नाही. शौनक म्हणाला, "मॅडम, दोन ब्रास डोकं खाल्लंत माझं." शिकला! जाळ्या मिळाल्या.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. दोन्ही लोडर क्रशरवर, शेजारी शेजारी, झेंडूच्या माळा घालून. गोरक्षनाथ नारळ घेऊन आला होता. मामा म्हणाले, "आपल्यात न्हाई फोडत, तू घरी न्हे, चटनी कर." त्रिशरण, पंचशील झालं. मग आमच्या घरची रीत. मामा आणि आत्यांनी सुरुवात डोक्यावर पाट्या वाहून केली, म्हणून नवं मशीन आलं की पहिली पाटी आत्या हाताने टिपरमध्ये टाकतात. त्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

आज आत्यांनी एक पाटी भरली. मग दुसरी भरली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "दोन मशिनी, दोन पाट्या. ही तुजी." खडी टोचत होती, मान वाकली होती, तशीच टिपरला लावलेल्या फळीवर चढले – आणि ओतली! धडधडधड! मागोमाग दोन्ही लोडर एकदम सुरू झाले. चार बकेटं, टिपर काठोकाठ. मामा टाळ्या वाजवत होते, लहान पोरासारखे.

आणि मग सगळ्यांसमोर, अगदी मायेने म्हणाले, "सीमानं लई मोटं काम केलं. लई धावपळ झाली पोरीची. आता ती सुटली! म्हेंदर उद्यापास्नं गाडीत बसून तरी येईल."

मी हसले. टिपरच्या मागे जाऊन रडले. धूळ गेली डोळ्यात, असं आत्यांना सांगितलं. आजच्यापुरते आलेले हे बाजूला खुर्चीवर, काठी मांडीवर. तोंड उतरलेलं. माझं बघून की काय.

१५ ऑक्टोबर

सकाळी मामांनी अंगणातून हाक मारली, "म्हेंदर, चल रं, गाडी आली!" मी किल्ल्या ओट्यावर काढून ठेवल्या होत्या. हे काठी टेकत, चांगलेच लंगडत बाहेर आले. "अण्णा, लई दुखतंय हो." डावा पाय ओढत.

मोडला होता उजवा!

मी बघितलं. यांनी बघितलं मी बघितलेलं. कान लाल झाले. मामा जीपमध्ये बसलेले, त्यांना काही कळलं नाही. हे हळूच म्हणाले, "पोरांची सहामाही आहे गं. माझं खरं काम तेच... जा तू."

ओट्यावरच्या किल्ल्या उचलल्या. जाता जाता यांच्या कानात सांगितलं, "उजवा, अहो. उजवा."