दोरीचं दुसरं टोक

सिंदेवाही,
३ ऑगस्ट

प्रिय कमळा,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले आणि मी एक ओळही लिहिली नाही. माफ कर. फोन केले, पण फोनवर तू हसायला लागलीस की सांगायचं ते गिळून मी विषय बदलते, हे तुझ्याही ध्यानात आलं असेल. वरोऱ्याला आता काठीशिवाय फिरतेस हे ऐकून बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक आहोत. ठीक हा शब्दही जरा कमीच पडतो.

दिव्याने मध्यंतरी इंग्रजीचं पुस्तक माझ्यापुढे ठेवून विचारलं, ‘आई, लाइन म्हंजे नेमकं काय?’ मी कॉलेजच्या तोऱ्यात ओळ, रेषा असं सांगून मोकळी झाले. तर म्हणते, ‘मंग लाइन गेली म्हंजे रेषा गेली का?’ तुझी भाची ती, आत्यावरच गेलेली! तेव्हापासून हा शब्द माझ्या कानात बसला आहे. वीज गेली की लाइन गेली. रेशनच्या दुकानापुढे लाइन. शेजारणीचा मुलगा गॅरेजात कामाला लागला, तर ‘लाइनले लागला’. बसस्टँडवर तोच लाइन मारायचा, तेव्हा मात्र लाइन सोडून वागत होता म्हणे. रुळापलीकडची आपली भाताची बांधी लाइनपारची. आणि कृषी केंद्राच्या साहेबांनी शिकवल्यापासून आपली रोपांची रोवणीही लाइनीत, दोरी ताणून. रोज एक अर्थ डायरीत लिहीत गेले आणि एका संध्याकाळी स्वतःलाच विचारलं, बाई, तू शब्द गोळा करते आहेस की एखादी गोष्ट लिहायचं टाळते आहेस?

तर रोवणीचं सांगते. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे: पहिल्या बांधीत दोरीची दोन्ही टोकं घरच्या माणसांनीच धरायची. प्रवीण असताना एक टोक त्याचं, एक माझं. तो गेला त्या वर्षी मी टोक हातात घेऊन बांधाच्या धुऱ्यावर नुसती उभी होते. तू आलीस, पदर खोचलास, दुसरं टोक उचललंस आणि चिखलात उतरलीस. त्यानंतर दरवर्षी तूच. यंदा तू नाहीस, दिव्याची चाचणी परीक्षा, आणि बाया हातात पऱ्ह्यांची रोपं घेऊन खोळंबलेल्या. धुऱ्यावरच्या विजेच्या खांबावर लाइनमन पत्रूभाऊ चढलेले होते. रात्रीच्या वाऱ्याने तार तुटली होती. बायांतली आपली बुधरी काय गप्प बसते? खालूनच ओरडली, ‘ओ भाऊ, वरची लाइन झाली असन त खालची पकडा!’

ते बिचारे उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोरीचं टोक धरलं. पण सवय तारेची. दोरी अशी कंबरेइतकी उंच ताणून धरली की बाया हसून बेजार. ‘तार नोहे भाऊ, दोरी हाये! चिखलाले टेकवा, नाई त आमी का झुल्यावर बसून रोवू?’ त्यांचे कान लाल झाले. पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली. एक ओळ रोवून झाली की दोरी पुढे सरकवायची असते, त्या दर खेपेला ते आधी विचारायचे, ‘सोडू का, बाई?’ आणि मी हो म्हणेपर्यंत हात हलवायचे नाहीत. खांबावर काम करणाऱ्यांची ती शिस्त असते, खालच्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कितीतरी दिवसांत माझ्या उत्तरासाठी कुणी असं थांबलं नव्हतं.

बांधी सरली तेव्हा बुधरी हळूच बोलली, ‘बाई, पयल्या बांधीची दोरी घरच्याच मानसाच्या हाती रायते ना वं?’ तिनेच त्यांना बोलावलं होतं आणि आता तिचाच चेहरा उतरला. पत्रूभाऊंनी दोरी धुऱ्यावर ठेवली, म्हणाले, ‘मले मालूम नव्हतं.’ मी काय करावं? मी म्हटलं, ‘राहू द्या, दुसरी बांधी बाकी आहे, धरा.’ तोंडातून निघून गेलं असं मी तुला सांगू शकते, पण ते खरं नाही. मी विचार करून बोलले.

त्यानंतर ते दोनदा घरी आले, दिव्या असतानाच. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. लग्नाचं काय ते सरळ विचारलं, आणि दोरीपाशी थांबायचे तसेच थांबले आहेत. दिव्याचं मत: ‘आत्याले इचार. मले इचारशीन त काका चांगले हायेत, पण दोरी धरनं अजून शिकवा लागन.’

म्हणून हे पत्र. मला या घरात तूच आणलंस. प्रवीणनंतर त्याचं टोक तूच धरलंस, ते मी तुझ्या हातून काढून घेते आहे असं तुला वाटू नये. तू नको म्हणालीस तर मी थांबेन, असं मघाशी लिहिलं आणि खोडलं. बहुतेक थांबणार नाही. पण तू नसलीस तर या सुखातलं काहीतरी कायमचं उणं राहील. लाइनपारची बांधी मी रोवायची ठेवली आहे. पऱ्हे अजून आठवडाभर तग धरतील. ये. चिखलात उतरू नकोस, धुऱ्यावर खुर्ची मांडते. तिथे बसून सांग, दोरी कुणाच्या हाती द्यायची.

तुझीच,
नीलिमा

ता. क. उद्याचं काम: तू यायच्या आत दोरी धुऊन वाळत घालणे.